गोल चौक बांधताना या चुका टाळा

चौफुलीच्या मधोमध बेट घातले की गोल चौक झाला, असे मानणारे लोक मला अजूनही भेटतात. चार रस्त्यांच्या साध्या चौफुलीत वाहनांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा एकमेकांपासून फुटतात. एकपदरी गोल चौकात अशी 8च ठिकाणे उरतात आणि त्यांत छेदणारे एकही नसते, म्हणून काटकोनातली धडक जवळपास नाहीशी होते. मात्र हा लाभ मिळतो तो आत शिरताना वाहनाला वळावेच लागते आणि त्यासाठी वेग उतरवावाच लागतो, म्हणून.

हे वळणच गाळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. एका नव्या चौकात धडका पूर्वीसारख्याच होत होत्या, म्हणून मला पाहायला बोलावले होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि वाळत आलेल्या डांबरावर चिखलाच्या चाकोऱ्या स्पष्ट उमटल्या होत्या: प्रवेशापासून बाहेर पडण्यापर्यंत जवळजवळ सरळ रेघ, बेटाची कड जेमतेम चाटून गेलेली. ट्रक वळावेत म्हणून बेट लहान केले, असे सांगण्यात आले. वास्तविक त्यांच्यासाठी बेटाभोवती किंचित उंच, खडबडीत पट्टा ठेवता येतो, ज्यावर ट्रकची मागची चाके चढतात, पण मोटारचालक जाणे टाळतो. तेव्हापासून नकाशा हाती आला की मी आकडेमोडीआधी त्यावर दोरा ताणून पाहतो. तो बेटाला न अडता सरळ पार गेला, तर नकाशा परत जातो.

दुसरी चूक अग्रक्रमाची. शिरणाऱ्याला आधी जाऊ दिले, तर आत फिरणारी वाहने अडतात, बाहेर पडण्याच्या वाटा तुंबतात आणि सारा चौक जागीच ठप्प होतो. ब्रिटनने 1966 मध्ये आतील वाहनाला अग्रक्रम देण्याचा नियम केला, तो याच दुखण्यावर. तरीही कोंडी दिसताच सिग्नल बसवायला धावणारे उतावळे असतात. मी आधी ‘वाट द्या’ची रेषा चालकाला दिसते का, ते पाहतो.

झेब्रा पट्टे प्रवेशरेषेला चिकटवू नयेत, एका मोटारीच्या लांबीइतके मागे घ्यावेत. बेटावर येणाऱ्या वाहनाच्या थेट समोर काँक्रीटचा स्तंभ उभारू नये. सायकलींसाठी गोलाच्या आत बाहेरच्या कडेने पट्टा आखणे तर घातकच, कारण बाहेर वळणारी मोटार नेमका तोच पट्टा ओलांडते. रहदारी कमी असेल तर सायकलस्वार मोटारींच्या रांगेत राहिलेला बरा, जास्त असेल तर त्याला चौकाबाहेरून वेगळी वाट द्यावी. आणि ‘पुढे लागेल’ म्हणून आजच दुसरा पदर मागणाऱ्यांना मी आजच्या रहदारीची मोजणी मागतो. ती बहुधा कोणी केलेलीच नसते.