धावपट्टी वाढणार असेल तर हरकत कशी नोंदवावी

कराडजवळच्या वारुंजीच्या धावपट्टीचा इतिहास कोयना प्रकल्पाच्या कामाशी जोडलेला आहे. पुढे विस्ताराचा विषय निघाला तेव्हा वारुंजी, मुंढे, केसे या गावांतील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. अशा वादांत गावाची बाजू सभेत जोरात मांडली जाते, मात्र अर्जात ती बहुधा ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावरच थांबते, आणि त्या एका ओळीला उत्तर देण्याची गरज अधिकाऱ्याला पडत नाही.

नोटीस हाती येताच ती कोणत्या कायद्याखाली व कोणत्या कलमान्वये निघाली आहे, हे आधी पाहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ ची अधिसूचना असेल, तर कलम १५ नुसार ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. नोटीस औद्योगिक विकास कायद्याखालची असेल, तर तिच्यात लिहिलेली मुदतच धरावी.

हरकत गटनिहाय लिहावी. समजा, तुमचा ऊस धावपट्टीच्या पलीकडे आहे, त्या गटाचा एक गुंठाही जात नाही, पण नदीवरून येणारी पाइपलाइन संपादनात जाणाऱ्या गटांतून येते. सातबारा शाबूत राहून पाणी तुटते, आणि ‘आपली जमीन जात नाही’ म्हणून असा शेतकरी गप्प बसतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. संपादित जमिनीवर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्यासारखा हक्क) असणारी व्यक्तीही २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत हितसंबंधित ठरते, म्हणून पाइपलाइन ज्या गटांतून जाते त्यांचे क्रमांक, पाणीपरवाना आणि मोजणीचा नकाशा अर्जाला जोडावा.

घर बांधायचे असणाऱ्यांनी उंचीचा प्रश्नही लेखी विचारावा, कारण धावपट्टी लांबली की उंचीच्या मर्यादेचे क्षेत्रही सरकते. ही मर्यादा समुद्रसपाटीपासून मोजतात: परवानगी ६०० मीटरची आणि जागाच ५८० मीटरवर असेल, तर पाण्याच्या टाकीसह इमारतीला उरतात २० मीटर.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि सुनावणीत तोंडी सांगितलेले मुद्दे जबाबात उतरले आहेत का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.