रात्रीच्या धडधडीवर मला लागू पडलेले उपाय

फोंड्याहून पणजीला रोज नोकरीसाठी ये-जा करताना जडलेली चिंता रात्री छातीतील धडधडीच्या रूपाने त्रास देऊ लागली, तेव्हा मी प्रथम डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली. दोन्ही अहवाल सामान्य आल्यावरच पर्यायी उपचारांकडे वळले.

किनारपट्टीवर पर्यटकांसाठी अशा उपचारांचे पेवच फुटले आहे. तेथे घेतलेली शिरोधारा, म्हणजे कपाळावर सोडलेली कोमट तेलाची संथ धार, सुखद होती, परंतु तिचा परिणाम संध्याकाळपुरताच टिकला. खरा उपयोग झाला तो फुकटच्या उपायाचा: चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला 6 श्वास. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते, म्हणून तो लांबवायचा. मात्र चक्कर आल्यास ताबडतोब नेहमीच्या श्वासावर यावे. भ्रामरी या प्राणायामातही भुंग्यासारख्या गुंजनामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि मला तीच अधिक सोपी वाटली.

त्याच्या जोडीला एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची स्नायू शिथिलीकरणाची पद्धत अंथरुणात करते: पावलांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायूगट काही क्षण आवळून सैल सोडायचा.

शेजारच्या काकींनी सुचवलेली अश्वगंधा मात्र घेतली नाही. ती थायरॉइडच्या औषधांच्या परिणामात बदल घडवू शकते आणि क्वचित यकृतालाही इजा करते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याविना ती घेऊ नये. चिंतेमुळे कामच अडू लागल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.