दारात आलेल्या नळाचा गावाला खरा उपयोग व्हावा म्हणून काय करावे

सांगोला, मंगळवेढा, करमाळा या तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर पाणी भरणे हे आजवर बायकांचे आणि शाळकरी मुलींचेच काम मानले गेले आहे. घरोघरी नळ देण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशन या केंद्राच्या योजनेचा निकष माणशी दररोज ५५ लिटर असा आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या साधारण अठरा घागरी लागतात. हापशावरून एवढे पाणी डोक्यावर आणणे कोणालाच परवडत नाही, त्यामुळे आंघोळ, हात धुणे, भांडी विसळणे यांत काटकसर होते आणि जुलाब-हगवणीला वाट मिळते. नळाने ही ओढाताण थांबते खरी. पण पाणी कधी येईल याचा भरवसा नसेल तर बाई घरातच अडकून पडते आणि ते शुद्ध नसेल तर दवाखान्याच्या खेपा चालूच राहतात. म्हणून पुढील कामे गावाने स्वतःकडे घ्यावीत.

सर्वांत आधी वेळ ठरवावी. ती ठरवताना खुरपणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बायका घरातून कधी निघतात आणि टाकी भरण्यासाठी वीज कधी मिळते, या दोन्ही गोष्टी ग्रामसभेत विचाराव्यात. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्या केवळ सह्यांपुरत्या राहू नयेत. ठरलेली वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी आणि मोटार जळाली किंवा वीज गेली तर गावच्या व्हॉट्सॲप गटावर लगेच कळवावे.

दुसरे काम टीसीएलचे, म्हणजे पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरचे असून बहुतेक गावांत हलगर्जी होते ती इथेच. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात लागते. पोते उघडे किंवा ओलसर जागी राहिले की तिचा जोर उतरतो आणि मग प्रमाण पाळूनही उपयोग होत नाही. पावडर थेट टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, आणखी पाणी घालून ढवळावे, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी तेवढे टाकीत सोडावे. त्यानंतर किमान अर्धा तास गावाला पाणी सोडू नये. पाणी सुटल्यावर जलसुरक्षकाने, म्हणजे गावच्या पाण्याच्या शुद्धतेवर देखरेख करणाऱ्याने, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करावी, आणि ती टाकीजवळच्या नळावर न करता वितरण वाहिनीच्या शेवटच्या घरी करावी: नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला तर क्लोरीन तिथवर पोहोचले आहे. रंग आलाच नाही तर मात्रा कमी पडली आहे किंवा मध्ये कुठेतरी गळती आहे. शेवटच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे.

गळती असलेल्या वाहिनीवर घरोघरी नळाला थेट मोटार लावली की दाब उलटतो आणि गटाराचे पाणी आत ओढले जाते. हा विषय भावकीच्या भांडणापर्यंत जातो, हे ठाऊक आहे. तरीही अशा मोटारी काढायलाच लावाव्यात.

घरात पिण्याचे पाणी झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे, कारण नळाला शुद्ध असलेले पाणी हात बुडवल्याने रांजणात दूषित होते.

मचूळ किंवा क्षारयुक्त बोअरच्या पाण्यावर क्लोरीनचा काही इलाज नाही, आणि फ्लोराइड तर उकळूनही जात नाही. त्यामुळे स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा प्रयोगशाळेत करून घ्यावी. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आढळले तर तो स्रोत पिण्यासाठी वापरू नये. अधूनमधून गावातच तपासणी करण्यासाठी किट असते. ते वापरण्याचे प्रशिक्षण प्रत्येक गावातील पाच महिलांना द्यावे, अशी मिशनची तरतूद आहे. फिल्टरच्या जारचे पाणी विकत घेणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे की त्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे जार आतून धुतलेला नसेल तर पैसे वाया जातात.

आषाढीच्या दिवसांत नातेपुते, माळशिरस, वेळापूर या पालखीमार्गावरील गावांत टँकरची ये-जा वाढते, तेव्हा प्रत्येक टँकरचे पाणी रिकामे करण्याआधी ओटी चाचणीने पाहावे.

राहिली पाणीपट्टी. ती थकली की वीजबिल थकते, जोडणी तुटते आणि मुली पुन्हा शाळा बुडवून हापशावर उभ्या राहतात. वसुलीचा आणि खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लावावा. वीजबिल, टीसीएल आणि कर्मचाऱ्याचा पगार या तीन रकमा वेगवेगळ्या दाखवल्या म्हणजे लोक पट्टी भरायला सहसा कुरकुर करत नाहीत.