घरातल्या एकाने लोकांचे पैसे बुडवले, आता बाकीच्यांनी काय करायचं

भाऊ, दीर, जावई, कोणी का असेना, लोकांचे पैसे घेऊन बसला आणि एफआयआर झाली की घरचे दोन गोष्टी करतात, एक म्हणजे रडारड आणि दुसरं म्हणजे दारात येईल त्याला "आम्ही देतो हो तुमचे पैसे" असं सांगून मोकळे होतात. रडा खुशाल, पण ते दुसरं करू नका. विशेषतः लिहून तर काहीच देऊ नका.

नुसतं नातं आहे म्हणून कोणी आरोपी होत नाही. बापाचं कर्ज मुलाने फेडायचं हे जुनं धर्माचं बंधन २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने नव्या कर्जांपुरतं कोर्टातून गेलं, वारसाला जेवढी इस्टेट मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. पण तुमची सही कुठे असेल तर गोष्ट वेगळी, आणि खरी मेख तिथेच आहे. म्हणून पहिल्या दिवशी घरातली सगळी कपाटं, फायली, जुन्या चेकबुकांचे उरलेले अर्धे (काउंटरफॉइल) उघडून बसा आणि आपापली सही कुठेकुठे आहे ते वहीत लिहा. लोनला जामीनदार आहात का (असाल तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी त्याच्याकडे जा असं म्हणता येत नाही), फर्ममधे पार्टनर म्हणून नाव आहे का, कोरे चेक सही करून दिलेत का, कुठल्या स्टॅम्प पेपरवर अंगठा आहे का. चेक बाउन्सच्या केसमधे खातं जॉइंट असलं तरी ज्याने सही केली तोच अडकतो, बायकोचं नुसतं नाव आहे म्हणून ती अडकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे सांगितलंय.

इथे इंदूरला आमच्या नात्यातच एकाने बीसी (भिशी) चालवता चालवता "महिन्याला तीन टक्के" असं डिपॉझिट घ्यायला सुरुवात केली होती, लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत आपलेच लोक. त्याच्या आईचं पेन्शनचं खातं सोयीसाठी मुलाबरोबर जॉइंट होतं. पोलिसांचं पत्र गेलं आणि खात्यावर होल्ड आला, त्याची आई एटीएमसमोर उभी आणि मशीन नाही म्हणतंय. अशा वेळी बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं. लेखी अर्ज द्या की कुठल्या ठाण्याचं पत्र, कुठल्या तारखेचं, किती रकमेसाठी. मग पासबुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि आधार घेऊन वकिलाकडून मॅजिस्ट्रेट कोर्टात खातं मोकळं करायचा अर्ज. पासबुकात पेन्शनशिवाय काहीच जमा नाही हे ओळीनओळ दिसलं की काम सोपं होतं. मधे एकदा जरी मुलाने आपल्या धंद्याचे पन्नास हजार आईच्या खात्यातून फिरवले असतील तर मात्र बसून हिशोब द्यावा लागतो. तोवर ज्याचा पगार किंवा पेन्शन त्याच्याच एकट्याच्या नावाने नवीन खातं उघडून ते तिकडे वळवा, आरोपीचं नाव त्यात नॉमिनी म्हणूनसुद्धा नको.

घर, प्लॉट, सोनं घाईघाईने भाचीच्या नावावर करणं, गिफ्ट डीड करणं, हे अजिबात नको. आता केलेली रजिस्ट्री उद्या लपवाछपवी ठरते आणि ज्याच्या नावावर केली तोही आत ओढला जातो. डिपॉझिटचा मामला असेल तर मध्य प्रदेशात २००० चा ठेवीदारांचा कायदा आहे, त्यात कलेक्टरकडून जप्ती होते, आणि ईडी आली तर तात्पुरती जप्ती १८० दिवसांपर्यंत. दोन्हीकडे ज्याचा खरा हक्क आहे त्याला आपलं म्हणणं मांडता येतं, पण कागद लागतात: घर आजोबांनी कधी घेतलं, ईएमआय कोणाच्या पगारातून गेला. बायकोचं स्त्रीधन तिचंच, फक्त ते घोटाळ्याच्या पैशातून घेतलेलं नको, म्हणून जुनी बिलं नि लग्नातले फोटो जपून ठेवा.

तो फरार असेल तर त्याला देवासच्या फार्महाउसवर लपवायची कल्पना कोणीतरी मामा काढतोच. आरोपीला आसरा देणं हा गुन्हा आहे. त्यातून सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला, आईवडील-भावाला नाही. फोन, डायऱ्या जाळणंही गुन्हाच.

चौकशीला बोलावलं तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर बायकांना आणि ६० च्या वरच्या पुरुषांना ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची नाही, अगदी अपवाद असेल तरच, तोही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने. हे सांगताना आवाज चढवू नका, टीआय साहेबांना (ठाण्याच्या प्रमुखांना) कलमं माहीत असतात, फक्त तुम्हालाही माहीत आहेत एवढं कळू द्या. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा, बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. आणि "मी सेटिंग करून देतो" म्हणणारा जो कोणी चहाला येईल ना, त्याला चहा पाजून रवाना करा.

ठेवीदारांचं मात्र वाईट वाटतंच, त्यात आपल्याच ओळखीची निवृत्त मास्तर मंडळी असतात. तोंडावर दार लावू नका, पाणी विचारा, पण तोंडी वायदे नकोत. घरच्यांना काही द्यायचंच असेल तर वकिलामार्फत, बँकेतून, रक्कम कोणाच्या वतीने दिली ते लिहून, पावतीसकट. रोख दिलेलं कोणी आठवत नाही.

सानंदच्या (इथली मराठी संस्था) नाटकाला, गणपतीला जायचं की नाही, तर जा हो. पहिल्या वेळेला लोक बघतील, कुजबुजतील, कोणी मुद्दाम विचारेलही, त्याला "केस कोर्टात आहे" एवढंच. मुलांना शाळेतून कळायच्या आधी घरात सांगा, आणि नोकरीच्या फॉर्मवर त्यांना स्वतःवरच्या केसबद्दल विचारतात, काकाच्या नाही, हेही सांगा.

जामिनाला उभं राहायचं का हा प्रश्न शेवटी येणारच. तो तारखेला नाही आला तर बाँडची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते, तेव्हा जो दोन वर्षं घरात खोटं बोलत होता तो आता तारखा पाळेल का याचा विचार आईसमोर नाही, एकट्याने बसून करा.