समुपदेशकांची आचारसंहिता नव्याने लिहिताय? या चुका टाळा

दिव्यांग पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्था समुपदेशकांच्या आचारसंहितेचे मसुदे माझ्याकडे वाचायला पाठवतात. निमित्त बहुतेक वेळा एकच असतं. तपासणीला आलेल्या कुणीतरी विचारलेलं असतं, ‘ही शेवटची कधी सुधारली?’ आणि आता पंधरा दिवसांत नवा कागद हवा असतो. या घाईतून त्याच त्या चुका होतात. काही नुसत्या ढिसाळपणाच्या असतात. दोन चुकांनी मात्र जिवंत माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो.

परदेशी संहिता उतरवून काढणं

अमेरिकेत पुनर्वसन समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारा सीआरसीसी नावाचा आयोग आहे. त्याची संहिता उत्तम आहे आणि ते ती नेमाने सुधारतात. 2010, 2017 आणि 2023 या तिन्ही आवृत्त्या 1 जानेवारीपासून लागू झाल्या. स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय, निष्ठा आणि सत्य या सहा तत्त्वांवर ती उभी आहे. ती जरूर वाचा. मीही मसुदा तपासताना ती शेजारी ठेवतो. पण ती डाउनलोड करून, संस्थेचं नाव घालून, भाषांतर करून घेतली की काम झालं असं समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

अशाच एका संस्थेत नोकरी मिळवून देण्याच्या बदल्यात समुपदेशकाने एका अंध मुलीकडे पैसे मागितले. ती धीट होती, तक्रार करायला ऑफिसात आली. तिथल्या ताईंनी संहिता उघडून वाचून दाखवलं, ‘तक्रार राज्य परवाना मंडळाकडे करावी.’ हे मंडळ कुठे आहे हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. ते कलम अमेरिकेतल्या राज्यांसाठी लिहिलेलं होतं, भाषांतरात तसंच राहून गेलं होतं. मुलगी आधी कलेक्टर कचेरीत गेली, मग समाजकल्याण खात्यात, आणि शेवटी दमून गप्प बसली. तोवर तो समुपदेशक राजीनामा देऊन दुसऱ्या संस्थेत रुजूही झाला होता.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. 1992च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषद, म्हणजे आरसीआय, पुनर्वसन व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ठेवते. त्याच कायद्याच्या कलम 21नुसार व्यावसायिक वर्तनाचे निकष आणि आचारसंहिता ठरवण्याचा अधिकार परिषदेला आहे. हक्कांचा भंग झाला तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. आपल्या राज्याचं आयुक्तालय पुण्यात आहे. मसुदा हातात आला की मी आधी तक्रारीचं कलम काढतो. त्यात संस्थेतल्या कुणाकडे जायचं, तो माणूस किती दिवसांत उत्तर देणार आणि तिथे दाद लागली नाही तर बाहेर कुठे जायचं, हे पत्त्यासकट नसेल तर पुढचं पान न वाचता मसुदा परत पाठवतो.

सही घरच्यांची घेणं

माझ्या लेखी ही सर्वांत मोठी चूक. जवळपास प्रत्येक जुन्या संहितेत एक वाक्य असतं: ‘लाभार्थी अथवा पालक यांची संमती घ्यावी.’ सुधारणा करताना त्याला कुणी हात लावत नाही, आणि त्यातल्या त्या ‘अथवा’चा आधार घेऊन पंचविशीतल्या माणसाच्या नावाने वडील, भाऊ, काका कुणीही सही करून मोकळे होतात.

एका केंद्रात सेरेब्रल पाल्सी असलेला एक तरुण यायचा. बोलणं अस्पष्ट, बुद्धी लख्ख. त्याला कॉम्प्युटरवरचं काम शिकायचं होतं. थोरल्या भावाच्या मनात त्याला झेरॉक्सच्या दुकानात बसवायचं होतं. प्रश्न विचारला की उत्तर भाऊ द्यायचा, आणि समुपदेशक ते लिहून घ्यायचे, कारण त्यात वेळ वाचायचा. एकदा भाऊ बाहेर गेलेला असताना त्याने एकेक अक्षर दाखवून सांगितलं, ‘संजय गांधी निराधारचे पैसे दादा घेतो, मला देत नाही.’ समुपदेशकाने ते फाइलमध्ये नोंदवलं. पुढच्या भेटीत भावाने फाइल मागितली आणि ती त्याला मिळाली. ‘कुटुंबीयांना प्रगतीची माहिती द्यावी’ असं संहितेतच लिहिलं होतं ना! त्यानंतर तो मुलगा केंद्रात कधी आला नाही. घरी गाठायचा प्रयत्न केला तेव्हा दार भावानेच उघडलं, ‘त्याला आता गरज नाही’ म्हणाला, आणि आत कुणाला घेतलं नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 13 सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. आधार देणाऱ्याचा आणि त्या व्यक्तीचा पैशाच्या व्यवहारात हितसंबंध आड आला, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं, हेही त्याच कलमात आहे. कलम 14मधलं पालकत्व मर्यादित आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि दोघांनी मिळून निर्णय घेण्यासाठी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते, पण त्याचा लेखी आदेश असतो. आदेश नसेल तर सख्खा बापही अठरा वर्षांपुढच्या मुलाचा कायदेशीर पालक ठरत नाही.

म्हणून मी ‘अथवा’ खोडतो. संमती त्या व्यक्तीची, तिला कळेल अशा पद्धतीने: ब्रेल, सांकेतिक भाषा, चित्रं, सोपी मराठी, जे लागेल ते. पालकाची सही हवी असेल तर आधी आदेशाची प्रत फाइलला लावा. आणि प्रत्येक भेटीतली निदान दहा मिनिटं घरच्यांना बाहेर बसवा. नवे समुपदेशक म्हणतात, ‘सर, घरचे रागावतात.’ रागावू द्या. पहिल्याच दिवशी नियम म्हणून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. भांडण होतं ते चौथ्या भेटीत अचानक बाहेर जायला सांगितल्यावर.

बाकीच्या, थोडक्यात

‘सर्व माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं लिहू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे. गोपनीयतेला कुठे मर्यादा आहे, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं.

‘आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्याने पोलिसांना कळवावे’ हे कलम अजूनही सापडतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018पासून लागू आहे. त्याच्या कलम 115नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरलं जातं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 उरलंच नाही. हे वाक्य आजच काढा.

केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यूडीआयडी कार्डांचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रांचे, फोटो टाकणं बंद. यावर चर्चा नको.

‘यशोगाथा’ छापायची म्हणून प्रवेशाच्या दिवशीच फोटोची संमती घेऊ नका. त्या दिवशी माणूस गरजू असतो, नाही म्हणू शकत नाही. संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, असं 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगतो.

समुपदेशकाचा आरसीआय नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत दर्शनी भागात लावा. नोंदणी मुदतीत नूतनीकरण करावी लागते, आणि हे विसरणारे पुष्कळ आहेत.

मसुदा बंद खोलीत संचालकांनी एका बैठकीत संपवू नये. मी टेबलावर निदान दोन दिव्यांग व्यक्ती आणि रोज केस घेणारा एक समुपदेशक बसवतो आणि प्रत्येक कलम मोठ्याने वाचायला लावतो. ऐकताना कुणी ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ विचारलं की ते कलम तिथल्या तिथे पुन्हा लिहायचं. याला तीन-चार बैठका लागतात. तेवढा वेळ नसेल तर सुधारणा पुढे ढकला आणि तपासणीला आलेल्यांना तसं स्पष्ट सांगा.

शेवटचं, तारखेचं. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि ती लागू झाल्याची तारीख घाला, आणि जुनी प्रत फेकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या घटनेची तक्रार आज आली, तर त्या दिवशी लागू असलेलीच संहिता काढून बघावी लागते.