फायबरग्लासवर टाइल पक्की बसण्यासाठी

न्हाणीघराच्या जमिनीवर फायबरग्लासचा थर दिला की पाणी खाली उतरत नाही, पण त्या गुळगुळीत थरावर टाइल धरत नाही. आमच्या म्हापशाच्या घरी दोनच महिन्यांत टाइल पोकळ वाजायला लागल्या.

दुसऱ्या खेपेला रेझिनचा, म्हणजे फायबरग्लासच्या थरातल्या चिकट द्रवाचा, शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी सिलिका वाळू मुठीमुठीने दाट भुरभुरवली. थर कडक झाल्यावर सुटी वाळू झाडली. तळवा फिरवला की सँडपेपरसारखं खरखरीत लागायला हवं. गुळगुळीत पट्टा राहिला तर तिथे परत रेझिन आणि वाळू.

मग २४ तास पाणी साठवून गळती बघायची. टाइल पॉलिमर मिसळलेल्या अॅडेसिव्हवर (टाइल चिकटवायच्या मसाल्यावर) बसवा, नुसत्या सिमेंटवर नको. भिंतीलगतच्या सांध्यात ग्राउटऐवजी (टाइलच्या फटी भरायच्या मसाल्याऐवजी) सिलिकॉन भरा.

समुद्राची वाळू मात्र अजिबात नको. तिच्यातलं मीठ ओल धरतं.