गावात राहून डॉग ट्रेनर व्हायचं तं काठी घरी ठेवा

पहिले गल्लीतल्या गावठी कुत्र्यावर हात बसवा, लॅब्राडॉरच पाहिजे असं काही नाही बाप्पा. पद्धत सोपी आहे, पाहिजे ते केलं की लगेच बक्षीस, आणि लगेच म्हणजे सेकंदाच्या आत, उशीर झाला तं खाऊ कायचा भेटला हेच त्याले समजत नाही. बसताना ढुंगण जमिनीले टेकलं त्याच क्षणी "हां!" म्हणा, मंग उकडलेल्या कलेजीचा चण्याएवढा तुकडा द्या. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट बिलकुल नाही, विषारी आहे. एका वेळी 5 मिनिटं पुरे. मे महिन्यात पारा 45 वर जाते, तवा शिकवणी सकाळी उन्हं तापायच्या आधीच.

माझं पहिलं कुत्रं शेळ्यांमागं धावे, मी दोरीले हिसके देत होतो, तं ते दोरी पाहिली की खाटेखाली घुसे अन् शेळ्या काही सोडेना. मंग वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर, शेळ्या लांब दिसतील असं उभं केलं, शेळीकडं पाहून माझ्याकडं वळलं की कलेजी. अंतर हळूहळू कमी केलं.

धंद्याचं म्हणाल तं खरं शिकवायचं मालकाले, कुत्रं लवकर शिकते. पहिले दोन-तीन घरं फुकट करा, व्हिडिओ काढा, तेच व्हॉट्सअॅपवर टाका. कुत्र्याची रेबीजची लस झाली का विचारा, स्वतःही डॉक्टरले विचारून आधीच घेऊन ठेवा. शांत कुत्रं अचानक चावायले लागलं तं आधी जनावराच्या डॉक्टरकडं, कधी कधी दुखणंच असते. अन् "पंधरा दिवसांत गॅरंटी" असं कोणाले सांगू नका.